बुरशी भिंतीत, ठपका झाडूवाल्यावर!

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पानांवर आणि मोबाईलच्या पडद्यावर ‘मान्सून पॅकेज’च्या जाहिरातींचा पूर येतो. लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान, आंबोली, गोवा... धबधबा, धुके, कांदाभजी आणि निम्म्या भाड्यात वातानुकूलित खोली! जाहिरातीतल्या छायाचित्रात पलंग दिसतो, पडदे दिसतात, खिडकीतून दिसणारी दरी दिसते. कपाटामागची भिंत मात्र दिसत नाही. पाहुणा दार उघडून आत पाऊल टाकतो आणि कुबट वास त्याच्या नाकात शिरतो. न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके, पलंगामागच्या वॉलपेपरला फुगवटा, चादर हाताला दमट. तो काउंटरवर तक्रार करतो. काउंटरवरचा माणूस हसून ‘सॉरी सर’ म्हणतो. पाच मिनिटांत एक पोरगा रूम फ्रेशनरचा डबा घेऊन येतो, चारदा फवारतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर त्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत झापतो, ‘नीट पुसता येत नाही का?’ प्रकरण संपले!

या लहानशा व्यवहारात तीन गोष्टी बेमालूम दडवल्या जातात. पहिली, वास झाकला म्हणजे बुरशी गेली असे दाखवले जाते. दुसरी, पाहुण्याला झाली ती केवळ गैरसोय, त्याच्या छातीशी तिचा काही संबंध नाही, असे मानले जाते. आणि तिसरी, सर्वात महत्त्वाची. बुरशी ही साफसफाईतली कसूर आहे असे ठरवून तिचा ठपका हॉटेलच्या उतरंडीत सर्वात खाली उभ्या असलेल्या माणसावर ठेवला जातो. आम्हाला बोलायचे आहे ते मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीबद्दल. कारण ती समजली की पहिल्या दोन आपोआप समजतात.

बुरशी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. राजवाड्यात असतात, झोपडीत असतात, पंचतारांकित हॉटेलात असतात आणि एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्येही असतात. कितीही झाडले-पुसले तरी ते संपत नाहीत. पण नुसत्या बीजाणूने बुरशी धरत नाही. तिला खायला लागते आणि प्यायला लागते. खाद्य तर हॉटेलच्या खोलीत मुबलक असते. वॉलपेपरमागची खळ, प्लायवूड, जिप्सम बोर्डावरचा कागद, गालिचा, गादी, इतकेच काय साधी धूळसुद्धा तिला पुरते. उरले पाणी. ते मिळाले की बुरशी धरते, ते तोडले की थांबते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की, ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही आणि घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. म्हणजे बुरशीचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे.

आता हॉटेलच्या खोलीत हे पाणी येते कुठून, ते पाहा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग फाटलेले असते. बाहेरच्या भिंतीला तडे गेलेले असतात. न्हाणीघराच्या फरशीखालून पाइप झिरपत असतो. एसीचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते आणि ते पाणी फॉल्स सीलिंगवर साचत असते. एक्झॉस्ट पंखा असतो, पण त्याचे तोंड बाहेर न काढता सीलिंगच्या पोकळीतच सोडलेले असते. या यादीत एक तरी गोष्ट अशी आहे का, जी फडक्याने पुसून दुरुस्त होते? गच्चीवर किती खर्च करायचा हे मालक ठरवतो. पाइप कोणत्या प्रतीचा टाकायचा हे कंत्राटदार ठरवतो. पंख्याचे तोंड कुठे काढायचे हे आर्किटेक्ट आणि इंजिनीअर ठरवतात. दुरुस्ती यंदा करायची की पुढच्या हंगामानंतर, हे मॅनेजर ठरवतो. हे सगळे निर्णय होऊन गेल्यावर त्यांचे फळ म्हणून भिंतीवर जो काळा डाग उमटतो, तो पुसायला मात्र एक बाई बादली घेऊन उभी केली जाते. आणि डाग परत आला की दोषी तीच!

‘आमचे हॉटेल स्वच्छ आहे, आमच्याकडे असले काही होत नाही,’ असे बड्या हॉटेलांचे म्हणणे असते. त्यांच्यासाठी एक जगजाहीर उदाहरण आहे. हवाई बेटांवरील होनोलुलु येथे हिल्टन कंपनीच्या हवाईयन व्हिलेज या प्रचंड हॉटेलसंकुलात २००१ साली कालिया टॉवर नावाची नवी कोरी इमारत उघडली. ४५३ खोल्या, सगळे अद्ययावत. जुलै २००२ मध्ये, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षातच, खोल्यांमध्ये बुरशी सापडली आणि सगळी इमारत पाहुण्यांसाठी बंद करावी लागली. ती पुन्हा उघडायला सप्टेंबर २००३ उजाडला. दुरुस्तीचा खर्च झाला सुमारे साडेपाच कोटी डॉलर! तिथे साफसफाईला माणसे कमी होती काय? रोज चादरी बदलत नव्हत्या काय? सगळे होते. तरीही बुरशी धरली. मग हिल्टनने काय केले? झाडूवाल्यांना नोटिसा दिल्या नाहीत. इमारतीचा आराखडा आणि बांधकाम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याविरुद्ध कोर्टात दावा ठोकला. स्वतःच्या खिशाला कोट्यवधीची चाट बसते तेव्हा भांडवलदाराला बरोबर कळते की बुरशीचे मूळ आराखड्यात असते. पाहुणा तक्रार करतो तेव्हाच नेमके ते मूळ फडक्यात कसे सापडते, हा आमचा सवाल आहे.

वातानुकूलित खोलीतच बुरशी अधिक का धरते, याचे कारणही साधे आहे. थंड पाण्याने भरलेल्या ग्लासला बाहेरून पाणी सुटते, ते आपण रोज पाहतो. पावसाळ्यात बाहेरची हवा पाण्याने जड झालेली असते. आत एसी १८ अंशांवर लावून भिंती गार केलेल्या असतात. फटीतून, दारातून, खिडकीतून ती दमट हवा आत आली की गार भिंतीला टेकते आणि तिथे पाणी सुटते. त्यात भिंतीला चकचकीत व्हिनाइलचा वॉलपेपर चिकटवलेला असला तर ते पाणी त्याच्या मागे अडकते. वरून भिंत झकास, आतून काळी! न्हाणीघराचा एक्झॉस्ट सतत हवा बाहेर ओढत असेल आणि ताजी कोरडी हवा आत यायची सोयच नसेल, तर खोली बाहेरची दमट हवा भिंतीच्या भेगांतून ओढून घेते. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा स्प्लिट एसी तर बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. शिवाय आता किल्लीच्या जागी कार्ड आले. पाहुणा कार्ड काढून बाहेर पडला की वीज बंद, एसी बंद. वीज वाचते हे खरे. पण बंद खोलीत दमटपणा साचतो आणि संध्याकाळी एसी पुन्हा सुरू झाला की भिंतीला पुन्हा घाम फुटतो.

आमच्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माणसाला हे शास्त्र इंग्रजी पुस्तक न वाचता ठाऊक होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथली जुनी माणसे पावसाआधी भिंतींना गवताचा आडोसा बांधत, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छपराच्या वळचणी लांब ठेवत. घरात चूल पेटती असे, त्याने हवा कोरडी राही. आजच्या हॉटेलबांधणीने काय केले? वळचण काढली, कारण ती ‘लूक’ बिघडवते. भिंत सिमेंटची केली, खिडकी काचेची आणि न उघडणारी केली. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी म्हणून निम्म्या खोल्या महिना-महिना कुलूपबंद ठेवल्या. आणि शनिवार-रविवारी गर्दी झाली की त्याच खोल्या झटकून, अत्तर मारून पाहुण्यांच्या माथी मारल्या!

आता आरोग्याचे पाहू. इथे आम्हाला भीती पसरवायची नाही, आणि भीती झाकायचीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी धरलेल्या जागेत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दम्याचा जोर आणि श्वसनाचे इतर विकार होण्याचा धोका वाढतो, असे तिने स्पष्ट सांगितले. त्याआधी २००४ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही जवळपास हेच म्हटले होते. निरोगी माणूस दोन रात्री अशा खोलीत झोपला तर बहुधा शिंका, डोळ्यांची चुरचुर, घशाची खवखव यावर निभावते. पण दमेकऱ्याला एक रात्रही इस्पितळात पोहोचवू शकते. ज्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, कर्करोगाची औषधे चालू आहेत, मूत्रपिंड बदललेले आहे, त्याच्या फुप्फुसात ॲस्परजिलससारखी बुरशी शिरली तर ती जिवावर बेतते.

एक गोंधळ मात्र दूर केला पाहिजे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या नावाने जो आजार पसरला आणि देशात ४५ हजारांहून अधिक लोकांना झाला, तो म्युकरमायकोसिस. त्याचा संबंध प्रामुख्याने कोरोना, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर यांच्याशी होता. न्हाणीघराच्या छतावरचा काळा डाग दिसला की तोच आजार होणार, असे मुळीच नाही. रंगावरून बुरशीचा विखार ठरत नाही. काळी असो, हिरवी असो वा पांढरी, भिंत ओली आहे हेच तिचे सांगणे असते आणि तेवढे पुरेसे आहे. हॉटेलवाले कधी कधी उलटून विचारतात, ‘प्रयोगशाळेचा रिपोर्ट आहे का?’ त्यांना सांगितले पाहिजे की, हवेत अमुक इतक्या बुरशीपर्यंत सुरक्षित, अशी रेषा जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली नाही. डोळ्यांना बुरशी दिसत असेल, नाकाला वास येत असेल, तर बहुतेक वेळा चाचणीची गरजच नसते. पाणी शोधा, ते तोडा आणि सडलेले काढून टाका, एवढेच काम उरते.

काही वाचक म्हणतील, हॉटेलात राहणे ही सुखवस्तूंची चैन, तिचे आम्हाला काय? हा समज आम्हाला साफ अमान्य आहे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी सराईतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले होते. निवाऱ्याची खोली नाकारणे म्हणजे काय, हे त्या माणसाने अंगावर सोसले होते. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि उपाहारगृहांच्या बरोबरीने हॉटेलांचाही उल्लेख आहे आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथला प्रवेश नाकारता येत नाही. हॉटेलचे दार हा आमच्यासाठी चैनीचा विषय कधीच नव्हता, तो हक्काचा विषय आहे. आणि दार उघडल्यावर आत श्वास घेता आला पाहिजे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

आणि आज आमचा माणूस लॉजमध्ये उतरतो तो कशासाठी? पोराची स्पर्धा परीक्षा पुण्यात असते म्हणून उतरतो. कोर्टाची तारीख असते म्हणून उतरतो. बोधगया, सारनाथ, कुशीनगरच्या यात्रेला जातो तेव्हा उतरतो. आणि सर्वात दुःखाची गोष्ट म्हणजे आजारी माणसाला घेऊन मुंबईला येतो तेव्हा उतरतो. परळच्या टाटा रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातून, देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण येतात. कुणाला दादरच्या संत गाडगेबाबा धर्मशाळेचा आधार मिळतो, कुणी नाइलाजाने फुटपाथवर पथारी टाकतो, तर कुणी जमीन गहाण ठेवून आणलेल्या पैशांतून आसपासच्या स्वस्त लॉजची खोली घेतो. केमोथेरपीने ज्याच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत, असा रुग्ण त्या बिनखिडकीच्या, ओल धरलेल्या खोलीत महिना-महिना काढतो. डॉक्टर त्याला सांगतात, कच्चे खाऊ नका, गर्दीत जाऊ नका, मास्क लावा. पण रात्रभर तो ज्या भिंतीशेजारी श्वास घेतो, त्या भिंतीबद्दल कोण बोलणार? लोणावळ्याच्या पर्यटकाला बुरशीने शिंका येतील. परळच्या लॉजमधल्या रुग्णाचा तिने जीव जाऊ शकतो. हॉटेलातील आरोग्यसुरक्षेची चर्चा पर्यटनापुरती ठेवणाऱ्यांच्या ध्यानात हा फरक येतच नाही.

आता त्या बादलीवाल्या बाईकडे वळू. पाहुणा दोन रात्री राहून निघून जातो. ती त्याच हवेत वर्षाचे तीनशे दिवस काम करते. रोज पंधरा-वीस खोल्या, प्रत्येक खोलीत वाकून, घासून, चादरी झटकून. बुरशी धरलेली गादी झटकली की बीजाणूंचा ढग आधी तिच्या नाकात जातो. तिच्या हातात ब्लीच दिले जाते, मास्क दिला जात नाही. ब्लीचने डाग पांढरा होतो, पण प्लायवूडमध्ये किंवा जिप्सम बोर्डात रुतलेली बुरशी तशीच राहते. वर मेलेले बीजाणूही ॲलर्जी उठवू शकतात. त्याहून भयंकर म्हणजे डाग लवकर जावा म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र केले जाते. हे दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो वायू छातीत गेला तर माणूस जागीच कोसळू शकतो. हे तिला कुणी शिकवले आहे? डब्यावरची सूचना इंग्रजीत, आणि ठेकेदाराला तिच्या छातीपेक्षा खोल्यांचा आकडा महत्त्वाचा! हॉटेलांतले हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले आहे, ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. नाव ‘हाऊसकीपिंग’ झाले, गणवेश आला, पण घाण ज्याने केली तो वर आणि घाणीचा ठपका ज्याच्यावर तो खाली, ही रचना बदललेली नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो गावाची घाण काढण्यासाठी. मालकाची गळकी गच्ची झाकण्यासाठी खराटा वापरायला त्यांनी कुणाला सांगितले नव्हते!

पाहुण्याची सुरक्षितता आणि कामगाराची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आम्ही आवर्जून सांगतो. हवा एकच आहे. जी भिंत कामगाराला रोज थोडी आजारी पाडते, तीच पाहुण्याला एका रात्रीत दम लावते. म्हणून जो पाहुणा त्या बाईवर डाफरतो, तो आपल्याच साक्षीदाराला गप्प करतो. कोणत्या खोलीत ओल आहे, कोणत्या मजल्यावर पाइप फुटतो, कोणती खोली आतून सडली आहे, हे सगळे तिला ठाऊक असते. तिला विचारत कुणी नाही, आणि तिने सांगितले तर नोकरी जाते.

कायदा काय म्हणतो? हॉटेलच्या स्वयंपाकघरावर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची नजर आहे. आगीसाठी महाराष्ट्राचा २००६ चाच अग्निप्रतिबंधक कायदा आहे. पोलिसांना पाहुण्यांच्या नोंदवहीची काळजी असते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे तारे देणारे वर्गीकरण आहे, पण ते ऐच्छिक. ज्याला नको त्याने घेऊ नये! या सगळ्या तपासण्यांत खोलीतली ओल मोजणारा माणूस कोणता? आम्हाला तो दिसत नाही. गंमत अशी की इंग्रजांनी १८६७ साली सराय कायदा केला. त्यात सराई चालवणाऱ्याने खोल्या, ओसऱ्या आणि मोऱ्या स्वच्छ ठेवाव्यात, भिंती आणि छप्पर दुरुस्त ठेवावे, मॅजिस्ट्रेटला तपासणीसाठी आत येऊ द्यावे, असे लिहिले होते. दंड अवघा वीस रुपयांपर्यंत, पण जबाबदारी कोणाची याबद्दल शंका नव्हती. छप्पर गळले तर दोष सराईवाल्याचा, झाडणाऱ्याचा नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय राज्यकर्त्याला जे कळले, ते आमच्या तारांकित व्यवस्थापकांना कळू नये?

कामगारांच्या बाबतीत तर आता कायद्याचे शब्दच हाताशी आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० अमलात आली आहे. कामगार संघटनांनी चारही संहितांवर जे आक्षेप घेतले आहेत, त्यांतले अनेक आम्हालाही मान्य आहेत. पण या संहितेत कामाच्या जागेची स्वच्छता, वायुवीजन, तापमान आणि आर्द्रता राखण्याची जबाबदारी मालकाची आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. हॉटेल हीदेखील कामाची जागा आहे. कामगाराच्या हक्कासाठी म्हणून खोलीची आर्द्रता मोजली गेली, तर पाहुण्याचेही रक्षण होईल. प्रश्न फक्त ती मोजायला जाणार कोण, हा आहे.

कायदे हलतात केव्हा, याचाही इतिहास आहे आणि तो हॉटेलांतूनच जातो. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. पुढे शोध लागला की हा एक नवाच जिवाणू आहे. त्याला लिजिओनेला असे नाव मिळाले. ही बुरशी नव्हे, पण साचलेले पाणी, वातानुकूलनाची यंत्रणा आणि दुर्लक्ष हे त्रिकूट तेच. २०१५ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात हाच आजार पसरला आणि किमान १२ माणसे मेली. तपासात उगम सापडला तो एका हॉटेलच्या गच्चीवरील कूलिंग टॉवरमध्ये. विषारी तुषार हॉटेलाबाहेर उडाले आणि आजूबाजूच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो गरिबांच्या वस्तीवर पडले. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने कूलिंग टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. म्हणजे मुडदे मोजता आले की कायदा होतो. बुरशीचे दुर्दैव असे की ती एका आठवड्यात ३४ मुडदे पाडत नाही. ती हळूहळू छाती पोखरते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिचे नाव येत नाही.

ते एकदा आले. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी सुदानहून आलेल्या कुटुंबातला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये मेला. ते हॉटेल नव्हते, सामाजिक गृहनिर्माण संस्थेचा फ्लॅट होता. पण गोष्ट ओळखीची वाटेल. बापाने २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती, तर त्याला ‘वरून रंग मारा’ असे सांगण्यात आले. या लोकांची राहणी आणि आंघोळीच्या सवयी यांमुळेच ओल येते, असे घरमालक संस्थेने गृहीत धरले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष दिला. देश हादरला. अवाबच्या नावाने कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो सामाजिक घरांना लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा, गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामकाजी दिवसांत करायची आणि त्यानंतर ५ कामकाजी दिवसांत जागा सुरक्षित करायची. त्या कायद्याने मालकाच्या मागे घड्याळ लावले, हे त्याचे मोठेपण. आमच्या हॉटेलांच्या मागे असे घड्याळ का नको?

लहान लॉजवाल्यांची एक अडचण आम्ही मान्य करतो. त्यांच्याकडे कोट्यवधी नाहीत, आणि त्यांच्यातले बरेच जण भाड्याच्या जुन्या इमारतीत धंदा करतात. पण बुरशी रोखण्याचे पहिले उपाय महागडे नाहीत. पावसाआधी गच्ची, पन्हाळी आणि एसीच्या नळ्या साफ करणे, गळका पाइप त्याच आठवड्यात बदलणे, रिकाम्या खोल्या अधूनमधून उघडून, पंखे लावून कोरड्या करणे, पलंग-कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, ओल येणाऱ्या भिंतीवरचा वॉलपेपर काढून टाकणे. आर्द्रता मोजणारे यंत्र हजार रुपयांच्या आत मिळते. ज्याला हेही परवडत नाही, त्याने ती खोली विकू नये. गिऱ्हाइकाचे फुप्फुस हा कुणाच्या नफ्यातोट्याचा हिशेब जुळवण्याचा मार्ग नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. राज्य सरकारने लॉज आणि हॉटेलांच्या तपासणीत खोलीची ओल, वायुवीजन आणि बुरशी यांचा समावेश करावा, आणि सुरुवात मोठ्या रुग्णालयांच्या आसपासच्या लॉजपासून करावी. तक्रार आल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, याची मुदत ठरवावी आणि तोवर ती खोली भाड्याने देण्यास मनाई करावी. साफसफाई कामगारांना मास्क, हातमोजे, चष्मा आणि मराठीतून प्रशिक्षण सक्तीचे करावे. हातभर जागेपेक्षा मोठी बुरशी काढण्याचे काम रोजच्या सफाईत न ढकलता ते सामग्रीसह जाणकाराकडून करून घ्यावे. आणि ओल असल्याचे कळवणाऱ्या कामगाराला संरक्षण द्यावे.

वाचकांनीही आपला हक्क वापरावा. खोली घेताना आधी आत जा, एसी आणि फ्रेशनरचा वास ओसरू द्या, पलंगामागे, पडद्यामागे, न्हाणीघराच्या छताकडे पाहा. बुरशी दिसली तर खोली बदलून मागा. नकार मिळाला तर छायाचित्र काढा, तक्रार लेखी द्या, बिल जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि एक गोष्ट विसरू नका. तक्रार मॅनेजरच्या नावाने करा, फडके घेऊन आलेल्या बाईच्या नावाने करू नका. जमले तर तिलाच विचारा, ‘ताई, ओल कुठून येते?’ तिला उत्तर माहीत आहे.

ज्या दिवशी तिचे उत्तर तपासणी अधिकाऱ्याच्या वहीत लिहिले जाईल आणि त्याखाली मालकाची सही घेतली जाईल, त्या दिवशी भिंत कोरडी व्हायला सुरुवात होईल. तोवर फ्रेशनरचे डबे कितीही रिकामे करा, भिंतीतली बुरशी भिंतीतच राहणार आहे!